मदत हवी आहे: नाचासाठी टाइट्स, नाशिकमध्ये, तातडीने

मुक्ता_इंदिरानगर: शनिवारी कालिदास नाट्यगृहात लेकीच्या नाचाच्या क्लासचा कार्यक्रम आहे. टाइट्स (कमरेपर्यंतचे तलम मोजे) प्रत्येक तालमीत फाटताहेत. मेन रोड, कॉलेज रोड पालथे घातले, सगळे लेगिंग्जच दाखवतात. ऑनलाइन मागवायला वेळ नाही. कुठे मिळतील?

गोदाकाठ: वय? रंग? नाच कुठला? स्किन कलरची लेगिंग घाला, लांबून कुणाला कळतंय.

रेवती_के: कळतं हो. दिव्यांखाली घोट्याची शिवण आणि गुडघ्याच्या चुण्या पहिल्या रांगेपासून दिसतात. मुक्ता, पाकिटावर डेनियर किती आहे? 9000 मीटर सुताचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. 15-20 चं सूत अगदी तलम, नाचाला निदान 40 तरी हवं.

मुक्ता_इंदिरानगर: 20 आहे. वय अकरा, स्किन कलर. कंटेम्पररी आहे, गुडघ्यावर घसरायचं आहे.

रेवती_के: अगं, हे आधी सांगायचं! अनवाणी नाचणार असेल तर पाऊल झाकू नकोस, नायलॉन फरशीवर सटकतं आणि पोर पडेल. बिनपावलाच्या घे. घालताना गोळा करून घोट्यापासून हळूहळू वर चढव.

सह्याद्री५८: आईला व्हेरिकोज व्हेन्ससाठी स्टॉकिंग्ज आणले. डॉक्टरांकडून माप घेऊनच घ्या, सकाळी पाय सुजायच्या आत घालायचे.

मुक्ता_इंदिरानगर: काका, नाचासाठी हवेत.

निफाडकर: आमच्याकडे डिसेंबरात पहाटे बागेत जाताना पँटच्या आत लोकरीच्याच लागतात. नायलॉनने थंडी जात नाही.

गोदाकाठ: फाटलेल्याच वापरा की. भोकाच्या कडेला पारदर्शक नेलपॉलिश लावलं की पुढे उसवत नाही.

रेवती_के: पायावर असताना लावलं तर कातडीला चिकटतं. काढून, आत पुठ्ठा सरकवून लावायचं. आणि गुडघ्यावर घसरल्यावर ते टिकणार नाही, स्टेजवर त्या मुलीचं लक्ष भोकाकडे राहील. ड्रेपरीवाल्यांकडे, म्हणजे नाटक-नाचाचे कपडे भाड्याने देणाऱ्यांकडे, विचारलंस का? नाहीतर जिम्नॅस्टिक्सचं सामान ठेवणारी दुकानं.

मुक्ता_इंदिरानगर: ड्रेपरीवाल्यांकडे 60 डेनियरच्या मिळाल्या, बिनपावलाच्या. पण पांढऱ्या! रंगवता येतील?

रेवती_के: नायलॉन असेल तर कोऱ्या चहाच्या गरम पाण्यात बुडव, रंग छान बसतो. पॉलिएस्टरवर बसत नाही. आधी कमरपट्टीचा कोपरा बुडवून बघ. आणि भाड्याच्या आहेत की विकत घेतल्यास?