मदत हवी आहे: बेसबॉल कार्डं शोमध्ये विकायची की ग्रेडिंगला पाठवायची?

नमस्कार मंडळी, न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडचं कुणी बेसबॉल कार्डं (खेळाडूंचे फोटो असलेली) जमवतं का?

१९८०च्या दशकाच्या शेवटी बाबा मला रविवारी कार्ड शोला, म्हणजे कार्डांच्या खरेदी-विक्रीच्या मेळाव्याला न्यायचे. कधी हॉटेलचा हॉल, कधी फायर स्टेशनचा. घडीची टेबलं, काचेच्या पेट्या आणि प्रत्येकाच्या हातात ‘बेकेट’चं भावांचं मासिक. बाबांना बेसबॉल ओ की ठो कळत नव्हतं, पण घासाघीस अशी करायचे की विक्रेता शेवटी दोन-चार कार्डं वरून द्यायचा. मी लाजून दुसऱ्या टेबलाकडे सटकायचो.

आता तळघरातले खोके निघालेत. टॉप्स कंपनीची १९८७ची, लाकडासारखी बॉर्डर छापलेली कार्डं भरपूर आहेत, पण त्या काळात छपाईच इतकी झाली की बहुतेकांना भाव नाही, हे माहीत आहे. प्रश्न अपर डेक कंपनीच्या १९८९च्या संचातल्या, केन ग्रिफी ज्युनियर या खेळाडूच्या १ नंबरच्या कार्डाचा आहे. कोपरे धारदार आहेत, पण चित्र मध्यभागी नाही, किंचित डावीकडे सरकलंय. पीएसएकडे (कार्डाची अवस्था तपासून दर्जा ठरवणारी, म्हणजे ग्रेडिंग करणारी कंपनी) पाठवून फी वसूल होईल, की शोमध्ये तसंच विकावं?

दुसरं, काही कार्डं अल्बमच्या जुन्या पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पानांना चिकटलीत. पृष्ठभाग न उचकटता ती कशी सोडवायची? (हेअर ड्रायर सुचवणाऱ्या मित्रावर माझा विश्वास नाही.)

आणि हल्ली शोमध्ये साध्या कार्डांचे खोके कुणी घेतं का? नाहीतर शेजारच्या मुलांना वाटून टाकीन.