मिडल फोर्क सॅमनवर सहा दिवस: राफ्टमधून फ्लाय फिशिंगची तयारी

काठावरचा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आयडाहोतल्या मिडल फोर्क सॅमन नदीवर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सहा दिवसांची गाईडेड फ्लोट ट्रिप ठरली आहे. प्रत्येक राफ्टवर दोघे मासेमार, एक पुढे आणि एक मागे, मधे वल्ह्यांवर गाईड. आतापर्यंतचा सगळा सराव पाण्यात उभं राहून फेकण्याचा आहे, चालत्या राफ्टमधून कधीच नाही. म्हणून थोडे नेमके प्रश्न:

रॉड ५ वेटचा (वेट म्हणजे रॉड-लाइनच्या जडपणाचा आकडा) पुरेल की ६ चा हवा? लीडर (लाइनच्या टोकाचा निमुळता पारदर्शक धागा) किती लांब? राफ्टमधून फेकताना दोघांच्या लाइन एकमेकांत अडकू नयेत म्हणून काय पाळायचं? वेडर्स (पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार) न्यायचे का? आणि ट्रिपवाल्यांनी कळवलंय की पाणी कमी असेल तर बाउंड्री क्रीकहून न निघता छोट्या विमानाने इंडियन क्रीकला उतरवतील. त्याने मासेमारीत काही हातचं जातं का?

डोहतळ

रॉड ९ फुटी, ५ वेट, चार तुकड्यांचा. ६ वेट वाऱ्यात मोठी फ्लाय (गळावर बांधलेला खोटा किडा) सहज नेतो हे खरं, पण इथला वेस्टस्लोप कटथ्रोट (ट्राउटची एक जात) बहुतेक १२ ते १६ इंचांचा असतो. ६ वेटवर त्याची मजा निम्मी होते. त्यापेक्षा ५ वेटवर जाड डोक्याची, म्हणजे पुढच्या भागात वजन असलेली फ्लोटिंग लाइन लावा. दुसरा रॉड जवळ असू द्या. ट्रिपमध्ये रॉड मोडतात ते मासा ओढताना क्वचितच. टोक राफ्टच्या बाहेर काढून रॉड आडवा ठेवला आणि राफ्ट फांदीखालून गेली, किंवा जाळ्यात घ्यायच्या वेळी मासा जवळ असताना रॉड उभा करून मागे ताणला, की मोडला. मासा जवळ आला की रॉड आडवा कलवायचा आणि हात मागे न्यायचा.

लीडर साडेसात फुटी, ३एक्स (एक्सचा आकडा मोठा तितका धागा बारीक). त्याला १८ इंच ४एक्स टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा शेवटचा धागा. नऊ फुटी लीडरवर फोमचा मोठा नाकतोडा, म्हणजे नाकतोड्यासारखी फ्लाय, नीट उलटत नाही, लाइन सरळ पडते आणि फ्लाय तिच्याच डोक्यावर येऊन बसते. सकाळच्या स्वच्छ, सपाट पाण्यात मासे बुजत असतील तर ५एक्सवर जा, पण नाकतोडा लावून नको. पीळ पडून धागा वेटाळतो.

फ्लाय: ऑगस्ट म्हणजे नाकतोड्यांचा महिना. चबी चेर्नोबिल (फोमचा नाकतोडा) ८ ते १२ नंबर (नंबर मोठा तितका गळ लहान), तपकिरी आणि सोनेरी पोटाचे मिळून डझनभर. पॅराशूट ॲडम्स १२ ते १६, एल्क हेअर कॅडिस १४ आणि १६, फोमची मुंगी १४, प्रत्येकी सहा. पाण्याखाली बुडणारी बीडहेड फेजंट टेल १४-१६ अर्धा डझन. काळा वूली बगर (पाण्याखाली ओढायची झुबकेदार फ्लाय) ६ नंबर तीन-चार, त्याचं कारण खाली कोणी तरी लिहीलच. नियम पक्के आहेत: आमिष चालत नाही, गळ बार्बलेस (बार्ब म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, तो नसलेला) हवा, कटथ्रोट सगळे सोडून द्यायचे. हा नियम इथे सत्तरच्या दशकापासून आहे आणि नदीत आज जेवढे मासे दिसतात ते त्याच्यामुळे. बार्ब घरीच पक्कडीने दाबून घ्या. मग गळ कापसावरून ओढून बघा, धागा अडकला तर दाबणं अपुरं आहे.

वल्हेकरी

वरच्या यादीशी सहमत. फेकण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण पाण्यात उभं राहून फेकणाऱ्यांची पहिले दोन दिवस हमखास हीच गडबड होते.

पाण्यात उभे असता तेव्हा तुम्ही थांबलेले असता आणि पाणी तुमच्याजवळून जातं. म्हणून वरच्या अंगाला फेकायची सवय लागते. राफ्ट पाण्याबरोबर वाहते. वरच्या अंगाला किंवा सरळ आडवं फेकलं की काही क्षणांत फ्लाय मागे पडते, लाइन ताणली जाते आणि फ्लायमागे रेघ उमटते. मासा तिथेच नाकारतो. म्हणून फेक नेहमी पुढे, खालच्या अंगाला, राफ्टच्या नाकापासून साधारण ४५ अंशांत. नाक म्हणजे बाराचा काटा धरला तर डाव्या काठाकडे साडेदहा, उजव्या काठाकडे दीड. गाईड आकड्यातच सांगतो, ‘दीडला, खडकामागे’. फेक पडली की लगेच एक मेंड वर, म्हणजे पाण्यावरची लाइन उचलून वरच्या अंगाला टाकायची, आणि मग हात गप्प. गाईड राफ्टचा वेग फ्लायच्या वेगाशी जुळवतो, त्यामुळे एकाच फेकीत ४०-५० फूट निर्वेध वाहणं मिळतं. हे काम राफ्ट करते, तुम्ही नाही. पुन्हापुन्हा उचलून फेकणाऱ्याची फ्लाय अर्धा वेळ हवेत असते.

लांब फेकीची गरज नाही. ३० ते ३५ फूट पुरतात. त्यापुढे ढिली लाइन वाढते आणि ती पायाखाली, वल्ह्याच्या खुंट्यात, कूलरच्या पट्ट्यात अडकते. मासा लागला की नेमकी तिथेच तुटते. दर अर्ध्या तासाला पायाजवळ एक नजर टाका. चपला-बुटांची सुटी टोकं, कॅराबिनर, उघडे बकल हे सगळे लाइनचे शत्रू.

दोघांचं गणित सोपं आहे. पुढच्याचा हक्क नाकापासून राफ्टच्या मध्यापर्यंत, मागच्याचा मध्यापासून मागे, पण त्यानेही कोन तोच, पुढेच ठेवायचा. पुढचा काय करतोय हे मागच्याला दिसतं, उलट दिसत नाही. म्हणून टक्कर टाळायची जबाबदारी मागच्याची. पुढच्याची फेक सुरू झाली की मागच्याने थांबायचं, दोघांनी एकदम मागे झोकायचं नाही. आणि लाइन गाईडच्या डोक्यावरून कधीच न्यायची नाही. काठ अशा बाजूला असेल की नेहमीची फेक गाईडवरून जाईल, तर उलट्या हाताने, छातीसमोरून फेकायला शिकून यायचं. घरच्या मैदानावर आठ दिवस रोज वीस मिनिटं एवढीच तयारी केली तरी पुष्कळ.

उभं राहणं: मांड्यांना टेकायला पुढे कमान असते, तिच्यात दोन्ही मांड्या घट्ट टेकवून उभे राहा. गाईड ‘बसा’ म्हणाला की फ्लाय पाण्यात असो वा माशाच्या तोंडात, बसायचं. टॅपन फॉल्ससारख्या ठिकाणी आणि शेवटच्या इम्पासेबल कॅन्यनमधल्या रबर रॅपिडच्या (रॅपिड म्हणजे खडकांमधली उसळती धार) आधी रॉड आत घेऊन पट्ट्याने बांधतात.

बुटांच्या तळाला खिळे असतील तर काढून ठेवा. राफ्टला भोकं पडतात.

कातळकडा

इंडियन क्रीकबद्दल. बाउंड्री क्रीक ते मुख्य सॅमनचा संगम सुमारे १०० मैल. मिडल फोर्क लॉजच्या गेजवर (पाण्याची पातळी मोजायच्या खुणेवर) पाणी २ फुटांच्या आसपास आलं की वरच्या २५ मैलांत खडक इतके उघडे पडतात की सामानाची मोठी राफ्ट दर वळणावर अडकते. म्हणून इंडियन क्रीकच्या धावपट्टीवर उतरवतात. वेल्व्हेट फॉल्स आणि पिस्टल क्रीक हे रॅपिड हुकतात. पण मासेमारीच्या बाजूने हे फायद्याचंच आहे. १०० मैल सहा दिवसांत म्हणजे रोज १६-१७ मैल, त्यात थांबायला उसंत नाही. ७५ मैल असतील तर रोज साडेबारा. त्यात जेवणाच्या थांब्यावर तासभर पाण्यात उतरून खळाळ नीट हाताळता येतो, आणि मुक्कामाला लवकर पोचल्याने संध्याकाळचा डोहही मिळतो. तंबू आणि स्वयंपाकघर घेऊन स्वीप बोट वाटेत तुम्हाला मागे टाकून पुढे जाते. ही या नदीची खास बोट: पुढे एक, मागे एक अशी दोन लांब सुकाणूवजा वल्ही, त्यांच्यावर एकच माणूस. ती वल्हवून वेग घेत नाही, पाण्याच्या जोरावर चालते आणि नुसती आडवी सरकवतात. तिला वाट द्यावी लागते, तेव्हा मागून येताना दिसली की लाइन गुंडाळा.

विमानासाठी सामानाची वजनमर्यादा कडक असते आणि काट्यावर मोजतात. मऊ पिशवी, चाकांची बॅग नाही. रॉडची नळी जास्तीत जास्त ३० इंचांची, म्हणूनच चार तुकड्यांचा रॉड. लायसन्स आधीच काढून प्रत जवळ ठेवा. खोऱ्यात फोनला रेंज नाही.

वेडर्स नकोत. दुपारी ३० अंशांच्या वर जातं, पाणी मांडीपर्यंत घेऊन हिंडायला सुखद असतं. पटकन वाळणारी पँट, रबरी तळाचे बूट, जाड निओप्रीन मोजे. पहाटे मात्र ६-७ अंश, तेव्हा लोकरी थर आणि टोपी हवीच. खालच्या भागात रॅटलस्नेक आहेत. काठाच्या खडकावर हात टेकण्याआधी बघा.

आता वूली बगर. या खोऱ्यात जुन्या वणव्यांनी उघडे पडलेले उतार पुष्कळ आहेत. दुपारचं वादळ अशा ओढ्यावर बरसलं की तासाभरात ओढा राख-चिखल नदीत ओततो आणि खाली नदी गढूळ, चॉकलेटी होते. ओढ्याच्या तोंडाच्या वरच्या अंगाला पाणी स्वच्छच असतं, आधी तिथे मासेमारी करून घ्या. गढूळ पाण्यात उतरावंच लागलं तर काठापासून हातभर अंतरात काळा बगर, हळू, झटके देत. मासे धारेतून काठाला सरकलेले असतात.

काठावरचा

मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. दुपारचा वारा कुठून असतो? आणि कटथ्रोटला झटका कधी द्यायचा? इतर ट्राउटपेक्षा उशिरा, असं ऐकलंय.

वल्हेकरी

बरोबर ऐकलंय. तळ दिसणाऱ्या पाण्यात बघा: मासा खालून तिरका येतो, फ्लायच्या खाली थबकतो, तिच्याबरोबर एक-दोन फूट मागे वाहतो. मग नाक वर, तोंडाची पांढरी कड दिसते, फ्लाय आत, आणि नाक खाली वळतं. नाक खाली वळल्यावर रॉड उचलायचा. तोंड उघडलेलं दिसताच उचलला तर फ्लाय उघड्या तोंडातून बाहेर येते. आणि तुमची फेक खालच्या अंगाला असल्याने मासा तुमच्याकडे तोंड करून आहे, त्यामुळे हे आणखी खरं. उचलणं सरळ वर नको, काठाच्या विरुद्ध बाजूला, आडवं.

वारा दुपारनंतर दरीतून वर, म्हणजे थेट तोंडावर. मागची फेक उंच, पुढची खाली, टोक पाण्याच्या हातभर वर थांबवा, लूप (हवेतल्या लाइनचा वळसा) अरुंद ठेवा. उंच, ऐसपैस लूप वाऱ्याने तुमच्याच टोपीवर येतो. तरी जमेना तर फेक २५ फुटांवर आणा. टोपी आणि चष्मा काढायचा नाही, गळ बार्बलेस असला तरी डोळ्याला तेवढं पुरतं.

डोहतळ

हाताळण्याबद्दल राहिलं. हात ओले, जाळं रबरी, मासा जाळ्यासकट पाण्यातच ठेवून फोर्सेप्सने गळ उलटा फिरवून काढा. फोटोसाठी तीन-चार सेकंद बाहेर, पाणी ठिबकत असतानाच. पाण्याचं तापमान २० अंशांवर गेलं की थांबा, सोडलेला मासा वरवर पोहत जातो पण नंतर दगावतो. ऑगस्टात हे उशिरा दुपारी खालच्या कॅन्यनमध्ये घडू शकतं, तेव्हा सकाळ वापरा.

आणखी एक. मोठा, फिकट ठिपक्यांचा, पाठीच्या परावर एकही काळा ठिपका नसलेला मासा आला तर तो बुल ट्राउट. तो संरक्षित आहे, त्याच्यामागे मुद्दाम लागायचं नाही, चुकून लागला तर पाण्याबाहेर न काढता सोडायचा. ऑगस्टच्या मध्यापासून चिनूक सॅमन अंडी घालायला लागतात. खळाळाच्या वर बारीक गोट्यांचा धुतल्यासारखा, आजूबाजूपेक्षा उजळ, लांबट पट्टा दिसला की त्यावर पाय ठेवू नका, खालून वळसा घ्या. तिथल्या गोट्यांखाली अंडी असतात.