एकहाती धंदा आणि शंभर व्यवधानं: तुम्ही कसं निभावता?

खटपट्या (धागाकर्ता)

माझा छोटा छापखाना आहे. काम जास्त असतं म्हणून माणूस थकतो, हे मला पटत नाही. लग्नसराईत पत्रिकेचं प्रूफ वाचत बसलेलो असतो, तेवढ्यात कागदवाला येतो. तो जातोय तोवर नवऱ्या मुलाच्या आत्याचा फोन, "आमच्या ह्यांचं नाव निमंत्रकांत राहिलंय." परत प्रूफाकडे वळावं तर कुठल्या ओळीवर होतो तेच सापडत नाही. दिवसभर राबायचं आणि संध्याकाळी बघावं तर एकही काम हातावेगळं झालेलं नाही.

पहाटे उठा, ध्यान करा हे सल्ले घरी पुष्कळ मिळतात. तुमच्या धंद्यात तुम्ही नेमकं काय बदललंत आणि त्यानं काय फरक पडला, तेवढं लिहा. सविस्तर लिहिलंत तर उत्तमच.

भाजणी

डोंबिवलीत घरगुती फराळ करून देते. पूर्वी धनत्रयोदशीपर्यंत ऑर्डरी घ्यायचे. हात पिठात आणि मोबाईल ओट्यावर थरथरतोय. "काकू, चकली तिखट नाही ना?" "काकू, अर्धा किलो वाढवा ना." एकीचा अर्धा किलो वाढला की तेल, डबे, हिशोब, सगळंच हलतं.

आता कोजागिरीला वही बंद. पुढे दिवाळीपर्यंत पंधरवडा हातात राहतो. परदेशी जाणारे डबे त्याच्या आधीच निघालेले असतात.

हे मला अनारशांनी शिकवलं म्हणा ना. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत पसरायचे, अंगात थोडी ओल असतानाच दळायचे आणि गूळ घालून पीठ मुरत ठेवायचं. त्यात ऐन वेळी काही करताच येत नाही, आणि गिऱ्हाईकालाही ते पटतं. मग चकली-चिवड्याला वेगळा न्याय कशाला? फ्रिजवर कागद लावलाय, एका दिवशी एकच जिन्नस. शंकरपाळे, शेव आधी. ओल्या नारळाचं सगळ्यात शेवटी.

फोनचं काम भाच्यानं सोपं केलं. व्हॉट्सॲप बिझनेसवर दर, वजनं आणि डबा न्यायला यायची वेळ असा निरोप आपोआप जातो. तरी काही जणी फोन करतातच, त्यांच्याशी सून बोलते. मी कढईपुढे असताना फोन घेत नाही. बोलता बोलता तूप जरा इकडचं तिकडे झालं आणि अनारसा हसला, म्हणजे तुपात विरघळला, तर अख्खा घाणा वाया.

लेथवाला

भोसरीत जॉबवर्क करतो. दोन लेथ, एक सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन. सेटिंग चालू असताना ऑफसेटचा, म्हणजे टूलच्या जागेचा, एक आकडा चुकीचा पडला की टूल थेट जॉब पकडणाऱ्या चकवर जाऊन आपटतं. आणि नेमक्या त्याच वेळी पर्चेसवाल्याचा फोन, "पीस कुठवर आले?"

फोन बंद ठेवून बघितला. ते वर्कशॉपच्या दारात येऊन उभे राहिले. मग उलटं केलं. रोज सकाळी मशीन सुरू करायच्या आधी मीच प्रत्येकाला मेसेज टाकतो: इतके झाले, इतके राहिले, गाडी अमुक वाजता. त्यांनाही त्यांच्या साहेबाला काहीतरी सांगायचंच असतं. ते आयतं मिळालं की कोण कशाला फोन करतोय!

गुरुवारी आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी. मशीन बंद, पोरं घरी. बिलं, चलनं, कोटेशन, बँक एवढंच त्या दिवशी. बाकी दिवस कागदाला हात नाही.

पण खरं सांगायचं तर डोकं मशीनवर राहत नाही ते फोनमुळे कमी आणि अडकलेल्या पैशामुळे जास्त. पोरांचा पगार कुठून द्यायचा, हे मागे सतत घुमत असतं. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर आमचे पैसे थकवता येत नाहीत. करार नसेल तर १५. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. पण पुढची ऑर्डर ज्याच्या हातात, त्याच्यावर तक्रार करणार कोण? कामाला आलं ते १९६१ च्या आयकर कायद्यातलं ४३ब(एच) कलम. २०२३-२४ पासून असं झालंय की गिऱ्हाईकानं मुदतीत दिले नाहीत आणि मार्चअखेरपर्यंतही राहिले, तर ते पैसे त्याला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाहीत. उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोटा उद्योग असल्याचा, नंबर मी बिलावर ठळक छापून घेतला. मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करायला लागले, "तुमचं किती राहिलंय?" कानावर विश्वास बसेना.

पेठेतला

आमचे आजोबा दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवायचे. जग हसलं. आता तुम्ही त्याच गोष्टीवर धागे काढताय. चालू द्या.

खटपट्या

@पेठेतला 😀 आजोबांना फोन नव्हता हो.
@लेथवाला, सकाळच्या मेसेजचं मी उद्यापासून सुरू करतोय.

आकडेमोड

हिशोब लिहून देण्याचं काम करतो, म्हणून एवढंच. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर जीएसटीची विवरणपत्रं तिमाही भरायची सोय आहे. कर मात्र पहिल्या दोन महिन्यांचाही पुढच्या २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो. बऱ्याच छोट्या लोकांना हे माहीत नसतं, ते दर महिन्याला ११ आणि २० तारखेच्या धास्तीत असतात. आपल्याला जमतंय का, ते तुमच्या सीएला विचारा.

शाडू

पेणचा. घरचाच कारखाना. गणपतीच्या डोळ्यांची आखणी आमच्याकडे मीच करतो. श्रावण लागला की गिऱ्हाईकांची रीघ, बाहेर पाऊस, शाडू वाळायचं नाव घेत नाही. आणि प्रत्येकाला मालकाशीच बोलायचं असतं. आखणी करताना श्वाससुद्धा धरावा लागतो, तिथं "दादा, मागच्या वर्षीचाच भाव लावा" कसं चालेल?

आता भाव, बयाणा, नोंद हे सगळं बायको बघते आणि तिचा शब्द शेवटचा. पहिल्या वर्षी लोक तिला वळसा घालून माझ्याकडे यायचे. मी ब्रश न उचलता तिच्याकडे बोट दाखवायचो. हळूहळू लोकांना कळलं. ती माझ्यापेक्षा घट्ट आहे हेही कळलं.

दुसरं म्हणजे पीओपीच्या बातम्या. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नियमावली आली, तेव्हापासून दर हंगामात ग्रुपवर तेच: बंदी आली, उठली, परत आली. २०२५ च्या जूनमध्ये हायकोर्टानं मूर्ती घडवायला मोकळीक दिली, तोवर किती जणांची झोप उडाली होती! मी ग्रुप सोडले. संघटनेचा एक माणूस पक्की बातमी असेल तर फोन करतो, तेवढी पुरते.

काजबटण

कोल्हापूर, ब्लाऊज शिवते. वरच्या सगळ्यांना घरातलं किंवा दुकानातलं कुणीतरी आहे, सून नाहीतर बायको. माझं दुकान म्हणजे आमचीच पुढची खोली. "तू घरीच असतीस की" म्हणून पाहुण्यांचा चहा, सासूबाईंच्या गोळ्या, गॅसवाला, सगळं माझ्याकडं. कटिंग टेबलावर कापड आखून ठेवलेलं असतं आणि मी दारात सिलिंडर घेत असते.

मेसेज, वेळापत्रक, वही, सगळं केलं. उपयोग झाला तो भाड्याचा गाळा घेतल्यावरच. कोपऱ्यावरचा, एका मशीनपुरता. "घरी फुकट असताना भाडं कशाला?" असं सगळे म्हणाले. भाडं निघतं. अर्जंट ब्लाऊजचा दर दुप्पट केला, तर अर्जंटवाल्या निम्म्या झाल्या आणि राहिल्या त्यांच्यातच भाडं सुटतं.

गॅसवाला आता शेजारी सिलिंडर ठेवतो.