मदत हवी आहे: आयव्हीएफच्या आधी प्लास्टिक आणि केमिकल्स कशी टाळावीत?

नमस्कार मंडळी. कोथरूडला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीची आयव्हीएफची तयारी सुरू आहे. स्त्रीबीज पक्व होण्याचा शेवटचा टप्पा साधारण ३ महिन्यांचा असतो, म्हणून आत्तापासूनच बिस्फेनॉल-ए (बीपीए) आणि थॅलेट्स ही प्लास्टिकमधली, हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करणारी केमिकल्स टाळायचं ठरवलंय. गरम आमटी प्लास्टिकच्या डब्यात भरणं बंद, तुळशीबागेतून स्टीलचे डबे आणले. 'बीपीए-फ्री' वर माझा भरवसा नाही. त्यात बऱ्याचदा बिस्फेनॉल-एस असतं, तेही हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करतं.

खरी अडचण वेगळीच. ती दिवसभर दुकानात बिलं फाडते. थर्मल कागदावरचं (शाईऐवजी उष्णतेने छापल्या जाणाऱ्या बिलाच्या कागदावरचं) बिस्फेनॉल बोटांना लागतं, सॅनिटायझर लावलेला असेल तर जास्तच. काउंटरवर कुणी नायट्राइलचे (एक प्रकारच्या कृत्रिम रबराचे) हातमोजे वापरतं का? दिवसभर निभतात का? आणि लोशनवर नुसतं 'परफ्यूम' लिहिलेलं असेल, तर त्यात थॅलेट्स आहेत की नाहीत हे कसं ओळखता? प्लीज सांगा.