मदत हवी आहे: एचपीव्ही विषाणूच्या कॅन्सरमध्ये पी१६ प्रोटीन वाढतं कसं?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याला एम.एस्सी. झूलॉजी करतेय. गर्भविकासाची जनुकं आणि विषाणू हा सेमिनारचा विषय मी मागून घेतला, कारण दांडिया बाजारातल्या माझ्या मावशीला एचपीव्हीमुळे होणारा गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालाय. तिच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘पी१६ पॉझिटिव्ह’ आहे आणि माझं घोडं तिथेच अडलंय.

उंदरांचं कळलं. एमएमटीव्ही हा विषाणू स्तनपेशीच्या गुणसूत्रात शिरतो नि शेजारचं जनुक चालू करतो. नुसे आणि वार्मस या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये असंच एक जनुक शोधलं, इंट-१. फळमाशीतलं विंगलेस नावाचं जनुक ते हेच, असं पुढे निघालं. आज त्याला डब्ल्यूएनटी-१ म्हणतात. गर्भात मेंदू घडवणारं जनुक प्रौढ मादीच्या स्तनात जागं होतं!

एचपीव्ही-१६ या एचपीव्हीच्या प्रकाराची तऱ्हा वेगळी. त्याचं ई७ प्रोटीन केडीएम६बी हे एन्झाइम वाढवतं. गर्भाच्या शरीराचा आराखडा ठरवणारी हॉक्स जनुकं गप्प ठेवणाऱ्या, हिस्टोनवरच्या (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रोटीनांवरच्या) मिथाइल खुणा ते पुसतं, आणि त्यातच पी१६ चं जनुकही चालू होतं. पण पी१६ तर पेशीविभाजनाचा ब्रेक! मग पेशी वाढतात कशा? आणि हॉक्स चालू होणं हे कॅन्सरचं कारण म्हणायचं का? मावशीला अर्धवट काही सांगायचं नाहीये.

प्रतिसाद १

ताई, पी१६ चा ब्रेक विभाजन रोखणाऱ्या आरबी प्रोटीनमार्फतच लागतो. ई७ ने आरबीच नष्ट केल्यावर पी१६ कितीही साठलं तरी विभाजन थांबत नाही. म्हणून तर पॅथॉलॉजीत बायोप्सीवर दिसणारा पी१६ चा रंग (स्टेन) एचपीव्हीची खूण मानतात. गंमत म्हणजे या कॅन्सरपेशींतून केडीएम६बी काढलं तर त्या मरतात, इतक्या त्यावर विसंबलेल्या असतात. ही स्लाइड नक्की ठेव.

हॉक्सला मात्र लगेच कारण म्हणू नकोस. नुसतं डब्ल्यूएनटी-१ स्तनात चालू ठेवलेल्या उंदरांना ट्यूमर झाले, म्हणून तिथे कारण म्हणता येतं. एचपीव्हीत मुख्य दोषी दोघं: आरबी संपवणारं ई७ आणि कॅन्सर रोखणारं पी५३ प्रोटीन संपवणारं ई६ हे विषाणूचंच दुसरं प्रोटीन. हॉक्स त्यांच्या मागून येतं.

मावशींना एवढं सांग, की एचपीव्हीची लागण पुष्कळ जणींना होते आणि बहुतेकींची एकदोन वर्षांत आपोआप जाते. वर्षानुवर्षं टिकली तरच धोका. त्यांच्या हातून काही चुकलं असं मुळीच नाही.

धागाकर्ती

खूप आभार दादा. आरबीची स्लाइड पी१६ च्या आधी घेते. आणि मावशीकडे आजच संध्याकाळी जाते, तिला हेच खात होतं.