घरातल्या कुठल्या साध्या गोष्टीने तुम्हाला चकित केलं?

आषाढी एकादशीला आजीसाठी साबुदाण्याची खिचडी करत होते. भाची शेजारी बसून दाण्याचा कूट करत होती. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, हे तिने शाळेत नुकतंच वाचलेलं, म्हणून ती एकेक जिन्नस विचारत सुटली. शेंगदाणा? तिकडचाच. मिरची? तीही अमेरिकेतली. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकासुद्धा मूळ ब्राझीलकडचा. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, तेव्हा या कढईतलं तूप, जिरं आणि मीठच काय ते आपल्याकडे होतं!

आजी सगळं ऐकून म्हणाली, "मग पूर्वीच्या बायका एकादशीला काय खायच्या गं?"

तो प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढला. रोजच्या वापरातल्या कुठल्या गोष्टीचा इतिहास कळल्यावर तुम्ही थक्क झालात? कसा कळला, तेही लिहा.

*

नोकरीमुळे तीन वर्षं तमिळनाडूत सेलमला होतो. आपला बहुतेक साबुदाणा तिथलाच. कंद सोलून वाटतात, त्याचं दूध हौदात निवळू देतात, तळाशी बसलेल्या ओल्या पिठाचे हलवून हलवून दाणे करतात, मग गरम तव्यावर भाजून अंगणभर उन्हात पसरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पांढऱ्याशुभ्र खळ्यावर डोळे ठरेनात. तिथे त्याला जव्वरिसी म्हणतात आणि त्याचं पायसम करतात. आमच्याकडे हा उपवासाला चालतो, असं सांगितल्यावर तिथला मुकादम माझ्याकडे बघतच राहिला.

*

मी वसईची. लिस्बनला मुलाकडे गेले होते. शेजारीण दाराशी पर्स चाचपत 'शाव, शाव' करत होती. चावी हरवली असणार, हे मला भाषा न येता कळलं! जुन्या पोर्तुगीजमध्ये त्या 'श'चा उच्चार 'च' होता, हे मुलाने नंतर सांगितलं. तेव्हापासून नादच लागला. पगार, मेस्त्री, घमेलं, बटाटा, पाव, काजू, सगळे तिकडून आलेले. आमच्या घराचं बांधकाम चालू असताना दिवसभर मी पोर्तुगीजच बोलत होते म्हणायचं.

*

आजोबांच्या ट्रंकेत १९४८ सालची त्यांची लग्नपत्रिका सापडली. गिरगावातलं लग्न. मुहूर्ताच्या वेळेपुढे कंसात 'स्टँ. टा.' छापलेलं. वडिलांनाही अर्थ सांगता येईना. शोधल्यावर कळलं की ते 'स्टँडर्ड टाइम', म्हणजे प्रमाणवेळ. १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने स्वतःची वेळ सोडली नव्हती. 'बॉम्बे टाइम' प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असायचा आणि तो थेट १९५५ पर्यंत चालला. म्हणजे ती दोन अक्षरं नसती, तर पाहुण्यांना अक्षता कुठल्या घड्याळाने टाकायच्या हेच कळलं नसतं. ती पत्रिका मी काचेच्या चौकटीत लावली आहे.

*

राजगिऱ्याचं कुणीच लिहिलं नाही? त्याचंही मूळ अमेरिकेतच. मेक्सिकोत तो फुलवून गोड पाकात घालून वड्या करतात. मैत्रिणीने तिथून एक आणली होती, हुबेहूब आपली चिक्की.

*

धागा काढणारी पुन्हा आले. आजीच्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर मिळालं. वरई आपली, शिंगाडा आपला, सुरण आपला; शिवाय दूध आणि फळं होतीच. तिखटाला मिरी आणि पिंपळी. 'मिरची' हे नावही मिरीवरूनच पडलेलं.

काल आजीने वरईच्या भातात मिरचीऐवजी मिरी भरडून घातली. तुपात पडताच तिचा वास ओटीपर्यंत गेला. तिखटपणा जिभेवर लागत नाही, घशात उतरल्यावर कळतो. आजीने दोनदा वाढून घेतला आणि पुढच्या एकादशीसाठी मला शिंगाड्याचं पीठ आणायला सांगितलं.