मदत हवी आहे: पोरांच्या फ्रेमवाल्या स्विमिंग पूलमध्ये मोठे मासे ठेवता येतील का? (सांगली)

नमस्कार मंडळी, मेव्हण्याची बदली झाली आणि त्याचे चार शार्क आमच्या गळ्यात आलेत. शार्क म्हणजे समुद्रातले नव्हेत, ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतात ते, पंगस. हॉटेलात बासा म्हणून खपवतात तोच हा. आणले तेव्हा बोटाएवढे होते म्हणे, आता हातभर झालेत आणि टाकी आहे चार फुटी, धड वळता येत नाही त्यांना. रात्री अचानक लाईट लावली की दचकून थेट काचेवर आदळतात, एकाचं नाक सोलून पांढरं पडलंय. आणि हा मासा मीटरच्या वर जातो म्हणजे अजून लई वाढायचाय.

तर घरात पोरांचा लोखंडी पाईपचा पूल पडून आहे, १२ फुटी गोल, अडीच फूट उंच. दोन फूट भरला तर साधारण साडेसहा हजार लिटर पाणी बसतं. गच्चीवर लावला तर चालंल का? सोबत आलेला फिल्टर पुरंल का? आणि यांच्या कल्ल्यामागचे काटे करवतीसारखे आहेत, त्यानं प्लास्टिक फाटंल का? भाच्याचं तर वेगळंच, त्यानं बाहेरच्या देशातले लोक असल्या पूलमध्ये समुद्रातले खरे बांबू शार्क पाळतात ते व्हिडिओ बघितलेत आणि आता तेच डोक्यात घेऊन बसलाय.

प्रतिसाद १
दादा, गच्चीचं नाव काढू नका. दोन फूट पाणी म्हणजे चौरस मीटरला ६०० किलो, आणि आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतीवरच्या भाराच्या भारतीय मानकात, घराच्या गच्चीला भार धरतात १५० च्या आसपास. खालीच लावा, जमीन सपाट करून, खडे वेचून, बारीक वाळू टाकून. काट्याची भीती असंल तर तासगावकडं द्राक्षवाले शेततळ्याला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घालतात, त्याचा तुकडा आतून अंथरा. वरून जाळी पाहिजेच, हा मासा घाबरला की उडी मारतो.

भाच्याला सांगा, समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ असतं, तुमच्या पूलला सव्वादोनशे किलो लागंल, तेही साधं नाही, ॲक्वेरियमचं. प्रत्येक वेळी पाणी बदललं की परत त्या हिशोबात.

प्रतिसाद २
पूलचा फिल्टर फक्त कचरा धरतो हो. मासे अमोनिया सोडतात, त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करायला बॅक्टेरिया लागतात आणि त्यांना बसायला जागा. २०० लिटरचा बॅरल घ्या, त्यात स्पंज आणि बायो बॉल (बॅक्टेरिया बसायला प्लास्टिकचे जाळीदार गोळे) भरा, जुन्या टाकीतला स्पंज न धुता तसाच आत टाका. क्लोरीनची गोळी चुकूनही नको, नळाचं पाणी असंल तर अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवायचं औषध) मारून घ्या.

लाईट गेली तर पंगस वर येऊन हवा गिळतो, तो काही तास तग धरंल, पण बॅरलमधले बॅक्टेरिया हवेविना मरतात. एअर पंप इन्व्हर्टरवर टाका. थंडीचं अवघड आहे, एवढं पाणी एक डिग्री तापवायला साडेसात युनिट जातात, म्हणून हीटरपेक्षा रात्री पूल झाका आणि गारठ्यात खाणं कमी करा.

आणि घर कुठं आहे? २०१९ ला महापुराचं पाणी आलेल्या भागात असंल तर हा उद्योग नकोच, एका रात्रीत मासे कृष्णेत जातील. २०२३ ला दल सरोवरात ॲलिगेटर गार हा परदेशी शिकारी मासा सापडला, तोही कुणीतरी पाळूनच सोडलेला असणार.

धागाकर्ता
आभार मंडळी. घर विश्रामबागच्या वरच्या अंगाला, २०१९ ला पाणी नव्हतं आलं. गच्ची कॅन्सल. खाली जागा आहे पण चिंचेखाली, पाला सारखा पडणार. सावलीमुळं पाणी हिरवं व्हायचं टळतंय, म्हणून तिथंच लावू का शेड मारून उन्हात? आणि एवढाला मासा टाकीतून काढायचा कसा, जाळीत काटे अडकतात, कुणी ताडपत्रीत धरून काढलाय का?